चित्रात मिशन दिसतं, विटा पाडणारे कुठे गेले?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत कॅलिफोर्नियातल्या जुन्या मिशनचं, म्हणजे ख्रिस्ती पाद्र्यांच्या धर्मप्रसाराच्या वसाहतीचं, चित्र छापलंत, उन्हातली पांढरी भिंत, कमानी, घंटा. चित्र सुंदरच आहे, मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली त्यामुळे रंगाबद्दल काही तक्रार नाही. पण खाली 'शांततेचं माहेरघर' असं लिहिलंय ते वाचून राहवेना.

स्पॅनिश पाद्र्यांनी १७६९ ते १८२३ मध्ये तिथे अशी २१ मिशन उभारली. उभारली म्हणजे काय तर कच्च्या विटा पाडल्या तिथल्या आदिवासींनी, शेती केली त्यांनी, गुरं राखली त्यांनी. एकदा बाप्तिस्मा झाला की विचारल्याशिवाय मिशन सोडायचं नाही, पळालं तर शिपाई धरून आणणार आणि वर फटके, रोगराईने माणसं मेली ते वेगळंच. सॅन गॅब्रिएल मिशनला १७८५ मध्ये पाद्र्यांविरुद्ध उठाव ठरला होता त्यात तोयपुरिना नावाची टोंग्वा जमातीची तरुण बाई पुढे होती. त्याच मिशनचं फर्डिनांड डेपे यांचं १८३२ चं चित्र बघा, पुढ्यात गवताची झोपडी आणि माणसं आहेत, म्हणजे निदान दिसतात तरी. नंतर चित्रकार एडविन डीकिन यांनी एकवीसच्या एकवीस मिशन रंगवली तर त्यात बहुतेक पडक्या भिंती आणि जुन्या कमानीच, आणि लोकांना तीच आवडली.

याउलट लुई कोरिस, रशियन जहाजावरचा विशीतला चित्रकार पोरगा, १८१६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशनमध्ये गेला आणि त्याने इमारतीवर न थांबता माणसांचे चेहरे काढले, एकेकाचा वेगळा. किती मोठं काम आहे हे!

आपल्याकडेही तेच चाललंय हो. नाशिकमध्ये भिंतीभिंतीवर वारली चित्रं, सगळे तारपा नाचतायत. माझ्या वर्गात पेठ या आदिवासी तालुक्याकडचा एक मुलगा होता, त्याने मोळी घेतलेली आई आणि तिला अडवणारा फॉरेस्टवाला काढला होता, मी त्याला म्हणालो हे खोड आणि नाच काढ, स्पर्धेला पाठवायचंय. त्याने गुपचूप खोडलं. आज इतक्या वर्षांनीही ते मनातून जात नाही.

म्हणून विनंती आहे की पुढच्या रविवारी कोरिसची चित्रं तेवढ्याच जागेत छापा आणि खाली त्या लोकांच्या जमातीचं नाव टाका.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक, शरणपूर रोड, नाशिक