कानात नको, मनगटावर सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी जन्मापासून पूर्ण अंध आहे, हे पत्र फोनला बोलून लिहून घेतोय, शुद्धलेखनाचं तेवढं सांभाळून घ्या. गेल्या महिन्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रोजेक्ट प्रदर्शनाला मला बोलावलं होतं. तिथे पोरांनी अंधांसाठी बोलणारा गॉगल केलेला, समोर काय आहे ते कानात सांगतो. पोरं हुशार, मेहनतही दिसत होती, पण अरे बाळांनो, लक्ष्मी रोड क्रॉस करताना रिक्षा कुठून येतेय, बस थांबली की नाही, हे सगळं मी कानांनीच बघतो आणि तुम्ही नेमकी तिथेच बडबड लावून दिलीत! आधीच त्या इलेक्ट्रिक स्कूटर आवाज न करता येतात.

शेजारच्या टेबलावर मनगटाला बांधायचा पट्टा होता, अडथळा आला की थरथरतो. कल्पना पटली. पण अडथळा लांब असो की जवळ, डावीकडे असो की उजवीकडे, थरथर एकच, आणि गर्दीत तर नुसतं घूंघूं, पाच मिनिटांत मनगट सुन्न झालं मग काय कळणार डोंबल. एसटीत बसलो तर गाडीची थरथर कुठली नि पट्ट्याची कुठली? टेस्टिंग कोणावर केलं विचारलं तर म्हणे आम्हीच डोळ्यांना रुमाल बांधून कॉरिडॉरमधून चाललो.

आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन 2014 साली आली, ती आपल्या पांढऱ्या काठीवरच बसते. खाली आलेली फांदी, टेम्पोचा उघडा फाळका असलं काही साध्या काठीला लागत नाही आणि थेट कपाळावर बसतं, ते स्मार्टकेन 3 मीटरवरून सांगते, अंतराप्रमाणे थरथर बदलते. ॲपलच्या घड्याळात तर मनगटावर टकटक करून वेळ कळते, मीटिंगमध्ये कोणाला पत्ताही लागत नाही. किमतीचं बोलत नाही.

मी अजून वडिलांनी घेऊन दिलेलं एचएमटीचं ब्रेल घड्याळच वापरतो. काच उघडायची, काट्यांवरून बोट फिरवायचं, झालं. चार्जिंग नाही, अपडेट नाही आणि बोटं घामेजलेली असली तरी चालतं, टचस्क्रीन तेव्हा ऐकतच नाही.

त्या पोरांना म्हटलं, रुमाल सोडा, एका शनिवारी संध्याकाळी मला मंडईत घेऊन चला, पट्टा मी बांधतो. नंबरही दिलाय. अजून फोन आला नाही, म्हणून आपल्या पेपरमधून आठवण करून देतोय.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे