सायंकाळचे सात, पण कुणाच्या घड्याळातले?

मा. केंद्रीय महिला व बालविकास मंत्री,
नवी दिल्ली

सादर नमस्कार.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ती माझ्याकडे असते आणि तिचे बाबा तीन वर्षांपासून मेलबर्नला. संमतीने घटस्फोट झाला तेव्हा ते इथेच, चालत दहा मिनिटांवर राहायचे. त्या हिशेबाने आदेशात सगळं नीट लिहिलं होतं: दर रविवारी भेट, रोज सायंकाळी सात वाजता फोन, उन्हाळ्याची निम्मी सुट्टी बाबांकडे. पुढे त्यांना तिकडे नोकरी लागली आणि ते गेले. आदेश इथेच राहिला.

आता आमचे सात म्हणजे त्यांचे रात्रीचे साडेअकरा. ऑक्टोबरात तिकडे घड्याळ तासभर पुढे करतात, मग साडेबारा. बाबा जांभया आवरत "आज डब्यात काय होतं?" विचारतात आणि पोरगी म्हणते, "बाबा, तुम्ही झोपा." तिकडचे सात धरावेत तर ही वर्गात. सुट्टीचं तर विचारूच नका. आमच्या मे महिन्यात तिकडे हिवाळा तोंडावर, त्यांना रजा नाही. त्यांची मोठी सुट्टी नाताळ ते जानेवारी, तेव्हा हिची शाळा आणि स्नेहसंमेलन. आदेशात बदल मागितला आहे. तारखा पडताहेत.

सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये राजस्थानातून आलेल्या एका प्रकरणात सांगितलं की ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकालाही मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे. फोनचं कसंबसं निभतं. खरी अडचण विमानाची आहे.

मी तिला महिनाभर तिकडे पाठवली आणि ती परत आली नाही, तर? माणूस वाईट नाही, हे मीच सांगते. पण वकीलबाई म्हणाल्या, "पाठवण्याआधी दहादा विचार करा." मुलांच्या बेकायदा स्थलांतराबाबतचा हेग करार 1980 चा. शंभरावर देश त्यात आहेत, ऑस्ट्रेलियाही आहे, भारत नाही. म्हणजे मूल परत मागण्याची त्या करारातली वाट मला बंद. मग मी पाठवत नाही, त्यांना वाटतं मी अडवते, आणि मधल्यामध्ये तीन वर्षांत बाप-लेकीची गाठ एकदाच पडली, तीही त्यांच्या आईच्या आजारपणात.

विधी आयोगाने 2009 च्या 218 व्या अहवालात या करारात सामील व्हा म्हणून शिफारस केली. 2016 मध्ये आपल्याच मंत्रालयाने विधेयकाचा मसुदा काढला, त्याच वर्षी आयोगाचा 263 वा अहवाल आला, 2018 मध्ये न्या. राजेश बिंदल समितीचा. कायदा अजून नाही.

यामागची भीती मी जाणते. परदेशात नवऱ्याचा मार खाऊन, लेकराला कडेवर घेऊन माहेरी पळून आलेल्या बाईला पळवून नेणारी ठरवू नये. अगदी बरोबर. तिच्यासाठी कायद्यात भक्कम अपवाद ठेवा. पण तिच्या नावाने सगळंच अडवून ठेवलं, तर आमच्यासारख्यांनी काय करायचं? आमच्यात कुणीच कुणाला पळवलेलं नाही. एकाला नोकरी लागली, एवढंच.

करारावरची सही राहू द्या, ती मोठी गोष्ट आहे. निदान एवढं करा: ताबा असो वा नसो, परदेशी स्थायिक व्हायला निघालेल्या पालकाने आधी न्यायालयाला कळवावं आणि भेटीगाठी, तिकिटांचा खर्च, फोनची वेळ हे सगळं तेव्हाच नव्याने ठरावं. वेळ लिहिताना ती कुठल्या देशाची, तेही लिहावं. आणि इथला आदेश जसाच्या तसा तिथल्या न्यायालयातून करून आणायचा असेल, तर मदतीला दिल्लीत एखादं कार्यालय असावं. आज ते वकिलांच्या दोन फौजा पोसण्याचं काम आहे.

मुलीचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय. लहान मुलांना तो पाचच वर्षांचा मिळतो. नव्यासाठी तिचे बाबा तिकडच्या भारतीय वकिलातीत जाऊन संमतीचा कागद करून पाठवणार आहेत. पाठवतील, तेवढा भरवसा आमच्यात उरलाय. त्या पासपोर्टवर तिला विमानात बसवायचं की नाही, ते मात्र माझं अजून ठरत नाही.

आपली,
एक आई