पंच्याहत्तर रुपयांचं कुपन

सांगली
मंगळवार, 9 डिसेंबर 2025

चि. अभयास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोन आधी मी ठेवला. आई म्हणते तू ठेवलास. ते जाऊ दे. फोनवर आपलं दोघांचं पाच मिनिटांपलीकडे जमत नाही हे तू होस्टेलला होतास तेव्हापासूनचंच आहे. तेव्हा एसटीडीचा मीटर पळत असायचा, त्यामुळे भांडण आपोआप आवरतं घेतलं जायचं. आता फोन फुकट झालाय. म्हणून लिहायला बसलो. अक्षर लागलं नाही तर मृणालकडून वाचून घे, तिला लागतं.

नोकरी सोडून कविता लिहिणार असं तू म्हणालास, त्यावर "कवितेवर चूल पेटत नाही" असं मी बोललो, ते बोलायला नको होतं. "आण्णा, आमच्याकडे इंडक्शन आहे" असं मृणाल मागून म्हणाली ते मला ऐकू आलं. हसू पण आलं. पण तोवर फोन ठेवून झाला होता.

आधी कामाचं. 31 तारखेला तुझा नोकरीतला शेवटचा दिवस, म्हणजे कंपनीचा मेडिक्लेम त्या दिवशी संपतो. मी इथल्या एजंटकडे जाऊन नीट विचारून आलो. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि तसं गेलं तर आतापर्यंत काढलेली वर्षं धरली जातात. मधे खंड पाडून नवीन घेतलीस तर जुन्या दुखण्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबवू शकतात. तुझं जुनं दुखणं काय आहे ते मी लिहीत नाही. मागच्या वर्षी ती रात्र आपण सगळ्यांनीच काढली आहे. सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेलाय, त्यामुळे महाग पडेल हे कारण सांगू नकोस. आमच्या दोघांची काळजी नको, सत्तरीच्या वरच्यांचं ते पाच लाखांचं कार्ड आम्ही काढलंय. अर्ज 31 च्या आत कर. झालं. या विषयावर पुन्हा लिहिणार नाही.

ऑगस्टमध्ये रात्री साडेअकराला तुझा फोन आला होता, आठवतं? स्क्रीनवर तुझं नाव बघून माझे हातपाय गार पडले. आई उठून बसली. आणि तू विचारलंस, "आण्णा, भांडी ठेवायला भिंतीला लावलेली असायची, लोखंडी, तिला काय म्हणायचो आपण?" मी म्हणालो, मांडणी. तू म्हणालास, "हां. मांडणी." आणि ठेवलास. मी चिडलो होतो. असल्या गोष्टीसाठी अर्ध्या रात्री फोन करतात का? त्या रात्री मला झोप लागली नाही. मला वाटलं, पोराला दुखत असणार आणि सांगता येत नसणार, म्हणून मांडणीचं निमित्त काढलं.

रविवारी तू म्हणालास, "मला शब्द आठवेनासे झालेत म्हणून सोडतोय," तेव्हा कुठे मला तो फोन कळला.

आणि गंमत बघ, कुठला शब्द विसरलास! कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये तू पाच-सहा वर्षांचा असशील. तिथे बारीक धक्के नेहमीचेच. जमिनीला जाणवायच्या आधी भांड्यांना कळायचं. 67 साली 11 डिसेंबरला ज्यांनी मोठा धक्का खाल्लेला, ते शेजारचे बापूकाका नुसती वाटी किणकिणली तरी अंगणात जाऊन उभे राहायचे. एका पहाटे तसंच झालं. मी तुला उचलून बाहेर आणलं. थंडी होती, तू टॉवेलात गुंडाळलेला. माझ्या खांद्यावरून आत बघत तू म्हणालास, "आण्णा, मांडणीला थंडी वाजतीय. दात वाजवतीय." बापूकाका हसले. तो माणूस धक्क्याच्या वेळी कधी हसला नव्हता. मी ऑफिसात चार जणांना सांगितलं. कौतुकाने सांगितलं हं. मग 96 साली त्याच कौतुकाचं काय झालं, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

विलिंग्डनला मराठी घेऊन बी.ए. करायचं म्हणत होतास. वालचंदचा इंजिनिअरिंगचा फॉर्म मी भरून आणला. ओरडलो नाही, मारलं नाही, फक्त फॉर्म तुझ्यासमोर ठेवला आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली. दोन्ही कॉलेजं विश्रामबागेत, एकाच रस्त्यावर. आता रोज सकाळी मी दोन्हींच्या समोरून चालत जातो. गुडघ्यांमुळे सावकाश जातो, त्यामुळे बघायला वेळ मिळतो.

मला त्याचा पश्चात्ताप आहे असं मात्र समजू नकोस. अगदीच नाही असंही नाही. 2000 साली तू लागलास, लगेच 2001 ची मंदी आली, तुझ्याबरोबरच्या कितीतरी पोरांना पत्र हातात असून कंपनीने बोलावलंच नाही. तू टिकलास. 2008 लाही टिकलास. कोबोल म्हणजे काय ते मला कधी कळलं नाही, पण आमच्या कट्ट्यावर मी सांगत असतो की परदेशातली एक बँक रोज रात्री हिशेब मिटवते तो आमच्या अभयच्या प्रोग्रॅमवर. मागच्या आठवड्यात कुणीतरी विचारलं, मुलगा काय म्हणतो? मी म्हणालो, बरा आहे. एवढंच म्हणालो. कवी झालाय म्हणायला जीभ रेटली नाही. उद्या विचारलं तर सांगेन. बघतो.

तुझ्याशी भांडायला मुद्दे हवेत म्हणून सोमवारी नगर वाचनालयात जाऊन बसलो. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला. कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात. सुर्वे महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई, मग मास्तर. म्हटलं सापडला मुद्दा: हे एवढे मोठे लोक नोकरी सांभाळून लिहू शकले, तर याला काय धाड भरली आहे? घरी येईपर्यंत मुद्दा ढिला पडला. यांच्यापैकी कुणाला रात्री दोन वाजता सर्व्हर पडला म्हणून फोन येत नव्हता. दिवाळीला तू लक्ष्मीपूजनाच्या आरतीतून फोन घेऊन गच्चीवर गेलास, तो आरती संपून, फराळ होऊन, ओवी झोपल्यावर खाली आलास. मी बघत होतो.

आता मला जे येतं ते सांगतो. 99 साली तेरा मार्चला कोयनेला लेक टॅपिंग झालं तेव्हा तू मुद्दाम होस्टेलवरून आला होतास. आपल्या देशातलं पहिलं. मी तुला आदल्या रात्री जेवताना ताटात दाखवलं होतं, आमटीची वाटी म्हणजे धरणामागचा शिवसागर, भाकरी म्हणजे खडक. जलाशय रिकामा करायचा नाही. बोगदा खालून खणत तळापर्यंत न्यायचा आणि शेवटचा थोडा खडक बुचासारखा ठेवायचा. मग तेवढा स्फोटाने उडवायचा, म्हणजे पाणी आपलं आपण बोगद्यात उतरतं. नॉर्वेकडून आलेलं तंत्र. तू विचारलंस, "बुचाचे दगड कुठे जातात?" सगळ्या घरात हा प्रश्न फक्त तुलाच पडला. मी भाकरीला बोटाने खळगा करून दाखवला. बुचाच्या खाली आधीच एक खड्डा खणून ठेवलेला असतो. दगड त्यात पडतात. तो नसेल तर ते पाण्याबरोबर वाहत पुढे जातात आणि नको तिथे नुकसान करतात.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. स्फोट कर. सत्तेचाळीसाव्या वर्षी कर, माझी ना नाही. पण खड्डा आधी खणलास का? घराचे हप्ते अजून किती वर्षांचे आहेत? ओवीची बारावी पुढच्या वर्षी. पीएफला हात लावू नकोस. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्यावी लागते, कायदा आहे, मागून घे, भिडेखातर गप्प बसू नकोस. वर्षभराचा खर्च वेगळ्या खात्यात काढून ठेव आणि ते खातं मृणालच्या नावावर असू दे. आणि मेडिक्लेम.

बघ, लिहिणार नाही म्हणालो होतो. मघाशी आई खोलीत येऊन खांद्यावरून वाचून गेली. म्हणाली, "पत्र लिहिताय की टेंडर?" माफ कर. चाळीस वर्षं अंदाजपत्रकं केली, त्यात अनपेक्षित खर्चाचा कॉलम पहिल्यांदा बघायची सवय लागली. तुझ्याकडे बघितलं की मला तोच कॉलम दिसतो.

लेक टॅपिंगच्या दिवशी आपण उभे होतो तिथून काही दिसलं नाही. सगळे घड्याळं बघत होते. मग लोक टाळ्या वाजवायला लागले तेव्हा आपण पण वाजवल्या. जूनमध्ये तू ती कविता दाखवलीस.

सगळे घड्याळाकडे बघत होते,
मी पाण्याकडे.
ते पहिल्यांदाच
आपल्या तळाकडे बघत होतं.

पुढच्या ओळी मला येत नाहीत. एवढ्या येतात. "पाणी कुठे बघतं का?" असं मी तेव्हा म्हणालो, आणि बुचाला तू झाकण म्हटलं होतंस ते बरोबर नाही म्हणून लाल पेनाने दुरुस्त केलं. तू काही बोलला नाहीस. कविता दिवाळी अंकात आली तेव्हा मी बघितलं, झाकणच ठेवलं होतंस. चांगलं केलंस.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते चार पानं झाली तरी सांगितलेलं नाही. त्याच वर्षी, 99 च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुझ्या नावाची मनीऑर्डर आली होती. कवितेचं मानधन, पंच्याहत्तर रुपये. तू सांगलीला, कॅम्पसच्या मुलाखती तोंडावर. पोस्टमन ओळखीचा, त्याने माझी सही घेऊन पैसे दिले. ते दुधाच्या बिलात गेले. त्याचं मला काही वाटत नाही, घरातले पैसे घरात. पण मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुराचं कुपन असायचं. पोस्टमनने ते फाडून माझ्या हातात दिलं. त्यावर संपादकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: "कविता आवडली. पुढील अंकासाठी अवश्य पाठवावी. आणखी असल्यास सर्व पाठवावीत."

मी ते तुला दिलं नाही. म्हटलं मुलाखती होऊ देत. त्या झाल्या. मग म्हटलं परीक्षा होऊ दे. मग जुलैत तू रुजू झालास, आणि मग द्यायचं काही कारणच उरलं नाही. एलआयसीच्या फाइलमध्ये ठेवलं. 2006 ला रिटायर होऊन इथे आलो तेव्हा फाइल आली. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, मी ती फाइल पिशवीत घालून ताईकडे नेली. आईला वाटलं पॉलिसीचे कागद म्हणून नेतोय. पॉलिसी तर कधीच मॅच्युअर झाली होती.

तू त्यानंतर लिहायचं थांबलास ते त्या कुपनामुळे असं मी म्हणत नाही. लिहिणारा थांबत नाही असंही लोक म्हणतात. तू कदाचित ते वाचून खिशात घातलं असतंस आणि तरी कंपनीतच गेला असतास. पण ते तुझ्या खिशात असायला हवं होतं.

ओवीला पुढे काय घ्यायचंय ते तिलाच विचारा. मला विचारू नका.

थंडी पडली आहे. आईने डिंकाचे लाडू केलेत, ताईचा मुलगा शनिवारी पुण्याला येतोय त्याच्याबरोबर पाठवते आहे. रोज एक, दोन नाही. गोळ्या वेळेवर घे. रात्री फोन करून कुठलाही शब्द विचारलास तरी चालेल, मात्र पहिलं वाक्य "आण्णा, मी बरा आहे" हे असू दे.

तुझा,
आण्णा

ता. क. पंच्याहत्तर रुपयांवर द. सा. द. शे. आठने सव्वीस वर्षांचं चक्रवाढ व्याज धरलं तर 554 रुपये 73 पैसे होतात. 555 तुझ्या खात्यावर ताईकडून टाकून घेतले आहेत. ते मेडिक्लेमच्या हप्त्यात घालू नकोस. कुपन याच पाकिटात आहे. सावकाश उघड, घडीवर फाटायला आलंय.