हरित कसली, प्लास्टिकची वीज!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला कचऱ्यापासून विजेचा लेख वाचला. कोणता देश कचरा जाळून किती वीज काढतो, तो तक्ता छान रंगीत होता. पण वर 'अनवीकरणीय नागरी कचरा' छापायचं आणि खाली त्याच विजेला 'हरित ऊर्जा' म्हणायचं, ही कमाल तुमच्या उपसंपादकांचीच. युरोपवाले हिशेबात कचऱ्याचे दोन भाग करतात. खरकटं, कागद, लाकूड एकीकडे, कारण ते पुन्हा उगवतं. प्लास्टिक दुसरीकडे, ते खनिज तेलाचंच पोर. तुमचा तक्ता या दुसऱ्या भागाचा. मग जर्मनीचा पट्टा लांब दिसला म्हणून टाळ्या कशाला?

मी बॉयलरवर तीस वर्षे काढली. पावसाळ्यात ओला कोळसा आला की ज्योत टिकवायला तेल फवारावं लागायचं. कोळशाची ही गत, तर आपल्या कचऱ्यातली केळीची सालं नि भाजीचे देठ काय पेटणार? 1987 साली दिल्लीत तिमारपूरला डेन्मार्कची यंत्रं आणून कचरा जाळून वीज काढायचा हाच प्रयोग झाला. कचऱ्यात उष्मांकच नव्हता, भट्टी थंडावली. आमच्याकडे भरताची वांगी भाजणारं पोरगंही ओली पऱ्हाटी बाजूला काढतं.

2016 च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा सांगितला. आमची सौ. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळवते. परवा घंटागाडीवाल्या पोराने दोन्ही बादल्या एकाच कप्प्यात उपड्या केल्या. म्हटलं, "दादा, मधला पत्रा कशाला लावलाय मग?" तर म्हणे, "बाबा, तिकडे एकाच ढिगावर पडतं, तुम्ही कशाला जीव काढता?" वर भोंग्यावर 'ओला कचरा, सुका कचरा' गाणं चालूच!

स्वीडनचं कौतुकही पुरे. तिथे भट्टीची बरीचशी उष्णता गरम पाण्याच्या नळांनी घरं उबदार ठेवायला जाते. भुसावळात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेववत नाही. इथे ती ऊब विकत घेणार कोण?

जाता जाता एक. रविवारच्या अंकातून क्लासवाल्यांची नि सोनारांची गुळगुळीत पत्रकं पाच-सहा तरी गळतात. फाडायला गेलं तर फाटत नाहीत, कागदावर प्लास्टिकचा थर. ती कोणत्या बादलीत टाकायची, तेवढं एकदा छापा.

आपला,
एक निवृत्त बॉयलर ऑपरेटर, भुसावळ