डोसिंग पंप ‘लावा आणि विसरा’ असा नसतो

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला घरच्या प्रवाळ टाकीवरचा लेख वाचला. डोसिंग पंप, म्हणजे ठरलेलं द्रावण रोज मोजून टाकीत सोडणारा छोटा पंप, लावला की रोजची कटकट संपली, असं त्यात म्हटलं आहे. त्याबद्दल हे पत्र. मी तीस वर्षं डायलिसिस विभागात तंत्रज्ञ होते. निवृत्तीनंतर सहा वर्षं ठाण्याच्या घरी मरीन टँक सांभाळते आहे. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण 160 लिटर. त्यात मशरूम, झोआ, लेदर हे मऊ प्रवाळ, दोन क्लाऊनफिश आणि भरपूर शंख. समोरची काच मी घासते, बाकी सगळीकडे गुलाबी कोरलाइन शेवाळ चढलं आहे आणि पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे बायकार्बोनेटसारख्या क्षारांचा साठा, मुख्यतः तेच खातं.

डोसिंग पंप आणि डायलिसिस मशीनचा रक्तपंप हे एकाच जातीचे. रोलर नळी दाबत पुढे सरकतात आणि पुढचं द्रव ढकललं जातं. मोटर किती फिरली एवढंच साध्या पंपाला कळतं, नळीतून किती गेलं ते नाही. मोबाइलवरचा आकडा हा त्याचा अंदाज.

मागच्या जूनमध्ये माझे झोआ मिटू लागले. लिटरभर आरओ पाण्यात 72 ग्रॅम खायचा सोडा, त्यातले रोज 20 मिलिलिटर, असा माझा डोस. एवढ्याने टाकीत साधारण 0.3 डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) भरून निघते. मोबाइलवर रोज 20 ची नोंद बिनचूक होत होती. तरी चौदा दिवसांत अल्कलिनिटी 8.4 वरून 6.3 वर आली. मी आधी टेस्ट किटवर संशय घेतला, मग मिठाच्या नव्या पाकिटावर, आणि शेवटी डोस वाढवून 40 केला. ही माझी मोठी चूक. वॉर्डात पडद्यावरच्या आकड्याची खात्री केल्याशिवाय आम्ही काही बदलत नसू, आणि घरी मी तेच विसरले.

दुसऱ्या दिवशी नळीचं टोक मोजपात्रात धरून पंपाला 10 मिलिलिटर मागितले. आले 5. बाटलीकडच्या बाजूला बुडबुडे नव्हते, म्हणजे हवा ओढली जात नव्हती. टोकाला क्षार साचला नव्हता. मग पंपाचं डोकं उघडलं. रोलर फिरतात तेवढा नळीचा तुकडा फितीसारखा चपटा झाला होता, बोटाने दाबून सोडला तरी फुगेना. नवी नळी घातली, मोजपात्र लावून पंपाचं माप पुन्हा जुळवून घेतलं (कॅलिब्रेट केलं), आणि सगळ्यात आधी डोस 40 वरून 20 वर आणला. तो तसाच राहिला असता तर नव्या नळीने दुप्पट सोडा टाकीत गेला असता. कमी पडलेली अल्कलिनिटी मी हाताने, पाच दिवसांत थोडी थोडी करून भरली.

झिजलेल्या नळीचा दुसरा धोका याहून वाईट. रोलरखाली ती पूर्ण मिटत नाही. बाटली पाण्याच्या पातळीच्या वर आणि टोक पाण्यात बुडालेलं असेल, तर पंप बंद असतानाही सायफन लागून बाटली टाकीत रिकामी होते. एका परिचितांकडे हेच झालं. सकाळी पाणी दुधासारखं पांढरं होतं. म्हणून बाटली खाली आणि टोक पाण्याच्या वर, हवेत हवं. सोडा आणि कॅल्शियम यांच्या द्रावणांच्या नळ्यांची टोकंही जवळजवळ लावू नयेत, ती जिथे भेटतात तिथे चुन्याचा साका बसतो. डायलिसिसचं आम्ल द्रावण आणि बायकार्बोनेट वेगळ्या कॅनमध्ये ठेवतात ते याच कारणाने.

वीज गेल्यावर माझ्या पहिल्या पंपाचं घड्याळ शून्यावर जाई, आणि दिवसाचा डोस मध्यरात्री पडे. वीज आली की घड्याळ बघणं ही तेव्हापासूनची सवय.

आता विक्रेत्यांविषयी. ती नळी मिळवायला मला तीन दुकानं फिरावी लागली. दोन ठिकाणी उत्तर एकच: नवा पंपच घ्या. एवढ्याशा नळीसाठी धडधाकट मोटर फेकायची, हे मला अजिबात पटत नाही. पंपाबरोबर एक जादा नळी आणि छोटं मोजपात्र द्यावं, नळीचा आतला व्यास खोक्यावर छापावा आणि महिन्यातून एकदा मोजून बघायला गिऱ्हाइकाला तोंडाने सांगावं. नवखा माणूस प्रवाळ मेले की स्वतःला दोष देतो आणि छंद सोडतो. त्याला पंप उघडून बघायचा असतो हेच कुणी सांगितलेलं नसतं.

एक विनंती आपल्यालाही. लेखासोबतच्या छायाचित्रात फांद्यांचे दगडी प्रवाळ होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांना संरक्षण आहे. आपल्या किनाऱ्यावरून ते उचलून आणणं गुन्हा आहे. पुढच्या भागात हे ठळक छापावं.

कळावे,
आपली वाचक,
एक निवृत्त डायलिसिस तंत्रज्ञ, ठाणे