भाऊ, तुम्ही की-बोर्डला हात लावला नाही

भाऊ, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. आमच्या दारव्हा तालुक्यात माझ्यासारखे आणखी कोणी असतील, त्यांना हे कोणी सांगितलं नसेल.

डोळे गेल्यापासून बातमी, कापसाचा भाव, बँकेचा निरोप, सगळं पुतण्याच वाचून दाखवायचा. पोरगा गुणी आहे. पण "काही खास नाही, काका" म्हणून तो पुढे सरकायचा, आणि खास काय ते ठरवणं माझ्या हाती नव्हतं.

तुम्ही दिग्रसहून एसटीनं आलात आणि जुन्या लॅपटॉपवर एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, टाकून दिलं. फुकट मिळतं म्हणालात. 2006 साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी ते सुरू केलं, पुढे जेम्स टेह जोडीला आले. दोघांनाही दिसत नाही. हे ऐकलं आणि मी सावरून बसलो.

फायरफॉक्स उघडलं तर तो आवाज वरपासून सुटलाच. लिंक, लिंक, बटण, पुन्हा लिंक. माय चुलीपुढून विचारते, "घरात कोण आलं रे?" मला घाम फुटला. तुम्ही माझी बोटं एफ आणि जे वरच्या बारीक उंचवट्यांवर ठेवलीत आणि म्हणालात, "आता एच दाबा." दाबला. पहिला मथळा! पुन्हा दाबला, दुसरा. के दाबला की लिंक, बी दाबला की बटण. धुऱ्याधुऱ्यानं वावर पार करावं तसं.

मी दहादा चुकलो. लाइन गेली, बॅटरी उतरत आली, तुमची शेवटची एसटी निघून गेली. तरी की-बोर्डला हात न लावता "तुम्हीच शोधा, सापडेल" म्हणत बसून राहिलात. भाऊ, त्या संध्याकाळचे आभार कसे मानू?

आता जेवण झालं की यवतमाळच्या बातम्या मी वाचतो, नको ती मीच सोडतो. फोटोला वर्णन दिलेलं नसलं की नुसतं 'ग्राफिक' ऐकू येतं, तेव्हा राग येतो. चार शब्द लिहायला किती वेळ लागतो? आणि चित्रातली वाकडी अक्षरं टाइप करायला सांगणारे फॉर्म आले की अजूनही पुतण्याला हाक मारावी लागते.

हुरड्याला नक्की या, माय वाट पाहते. तारीख मात्र फोनवर सांगू नका. मेल करा, मला ती वाचायची आहे.

तुमचाच,
दारव्ह्याकडचा दादा