चौकटीवरची रेघ

चि. लाडक्या लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू शेजारच्या खोलीत झोपली आहेस आणि मी इथे बसून तुला पत्र लिहितोय. सकाळी तोंडानं सांगता आलं असतं. पण सकाळी तुझ्या वेण्या, हरवलेला एक मोजा आणि धाकटीला नेमकी तुझीच पाण्याची बाटली हवी असणं, या सगळ्यात माझ्याच्यानं नीट बोलणं होत नाही. शिवाय तू आता सलग वाचतेस. एखादं जोडाक्षर अडलं तर आईला विचार.

मला रंगपेटीच्या भांडणाबद्दल लिहायचंय.

तू जमिनीवर पोटावर झोपून घराचं चित्र काढत होतीस. बराच वेळ. कौलं एकेक करून रंगवलेली मी येताजाता पाहिली होती. धाकटी आली, जांभळा खडू उचलला आणि त्या घरावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. तू खडू हिसकावून घेतलास. तिनं भोकाड पसरलं. मी आतून धावत आलो, कोण रडतंय एवढंच पाहिलं आणि तोंडात बसलेलं वाक्य बोलून गेलो, "अगं, तू मोठी आहेस ना?"

तू रडली नाहीस की उलटून बोलली नाहीस. खडू पेटीत ठेवलास, धाकटीचा हात धरलास आणि तिला दाराच्या चौकटीपाशी नेलंस. मला वाटलं, तिला खोलीबाहेर काढतेयस. तू तिला चौकटीला पाठ लावून उभं केलंस. "टाचा टेक," म्हणालीस. तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरलीस, पट्टी जिथे टेकली तिथे बोट ठेवलंस आणि मला म्हणालीस, "बाबा, इथे काय लिहिलंय ते वाच."

तिथे माझ्याच अक्षरात तुझं नाव होतं. पुढे १०१ आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात "बाळ घरी आलं". पेन्सिल पुसट झाली होती, पण वाचता येत होती. धाकटी त्या रेघेच्या नखभर वरच होती.

"मी एवढीच होते," तू म्हणालीस. "तेव्हापासून तू मला मोठी म्हणतोस. मग ही अजून लहान कशी?"

मला उत्तर देता आलं नाही. मी काहीतरी पुटपुटलो आणि आत निघून गेलो. तू विचारलेलं बरोबर होतं आणि मी उत्तर न देता गेलो, हे मला दोन दिवस सलतंय. म्हणून हे पत्र.

मी आमच्या घरातलं शेंडेफळ. मला हे वाक्य कधी कुणी ऐकवलंच नाही. माझ्या वाट्याला दुसरं वाक्य यायचं, "जाऊ दे गं, लहान आहे तो." ते ऐकताना फार बरं वाटायचं. त्याच वाक्याची दुसरी बाजू ताईच्या पदरात पडत होती, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तुझी आई थोरली. रात्री मी तिला चौकटीची गोष्ट सांगितली तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ते वाक्य ऐकलं ना, की हातात जे असेल ते आपोआप खाली ठेवलं जातं." मला एकदम तू पेटीत ठेवलेला खडू आठवला.

धाकटी आली तो दिवस मला नीट आठवतो, निदान मला तसं वाटायचं. मध्यंतरी मी तुला विचारलं होतं, तुला त्या दिवसाचं काय आठवतं? मला वाटलं तू बाळाच्या मुठी सांगशील, दुपट्याचा रंग सांगशील. तू म्हणालीस, "तू माझे बूट उलटे घातले होतेस. डावा उजव्यात. मी सांगत होते आणि तू ऐकत नव्हतास." नंतर मी जुने फोटो काढून पाहिले. खरंच, तू आईच्या पलंगाशेजारी उभी आहेस आणि दोन्ही बुटांची टोकं बाहेरच्या बाजूला वळलेली आहेत. त्या फोटोत आम्ही सगळे बाळाकडे बघतोय. तू खाली, बुटांकडे बघतेयस. चार वर्षांत मी तो फोटो कितीदा पाहिला असेल, पण ते बूट मला दिसले नव्हते.

सकाळी तू घरातली एकुलती एक होतीस आणि संध्याकाळी थोरली झालीस. तू मात्र तेवढीच होतीस, १०१ सेंटीमीटर.

आता दुधाच्या पेल्याची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गेल्या महिन्यात धाकटीनं उंच पेल्यासाठी घर डोक्यावर घेतलं होतं, आठवतं? तिचं म्हणणं, ताईला जास्त दूध दिलं. तू आधी तिला समजावलंस. मग तिच्या समोर तिचं दूध उंच पेल्यात ओतलंस. ती हसली, "आता जास्त झालं!" तू तेच दूध परत बुटक्या पेल्यात ओतलंस. तिचा चेहरा पडला, "कमी केलंस." तू तीन वेळा ओतलंस. तीनदा तिचं दूध वाढलं आणि तीनदा कमी झालं. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "बाबा, ही मुद्दाम करते का?"

मुद्दाम नाही करत गं. स्वित्झर्लंडमध्ये जाँ पियाजे नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेले, १८९६ ते १९८० हा त्यांचा काळ. त्यांना तीन मुलं, आधी दोन मुली आणि मग एक मुलगा. आपली ही मुलं तान्ही असताना काय करतात, ते पियाजे तासन्‌तास बघत बसायचे आणि बारकाईनं टिपून ठेवायचे. पुढे त्यांनी पुष्कळ मुलांना, तू केलंस अगदी तसंच, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून दाखवलं. चार-पाच वर्षांची मुलं उंच भांड्याकडे बोट दाखवून म्हणायची, यात जास्त. त्या वयात डोळे उंचीवर खिळतात. पेला अरुंदही झालाय, हे त्याच वेळी लक्षात धरता येत नाही. ओतलेलं परत ओतता येतं आणि तेवढंच राहतं, ही समज साधारण सातव्या वर्षाच्या आसपास येते. कुणी रागावून ती लवकर येत नाही.

हे मी वाचलं तेव्हा आधी धाकटीसाठी बरं वाटलं. मग तुझं चौथं वर्ष आठवलं. तूही उंच पेल्यासाठी रडायचीस, बाळा. तेव्हा धाकटी माझ्या मांडीवर असायची, तिला झोपवता झोपवता मी तुला म्हणायचो, "एवढी मोठी झालीस, कळत नाही का? दूध तेवढंच आहे." तुला कळत नव्हतं. कळणं शक्यच नव्हतं. तुझ्या डोळ्यांसमोर दूध खरोखरच कमी झालं होतं आणि तुझा बाबा सांगत होता की झालं नाही. त्या वेळी तुला किती एकटं वाटलं असेल, याचा विचार मी आत्ता, चार वर्षांनी करतोय. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

तू मात्र धाकटीशी कशी वागतेस, हे मी अलीकडे लक्ष देऊन बघायला लागलोय.

परवा (हा शब्द तुम्हा दोघींना किती छळतो! एकच शब्द मागेही जातो आणि पुढेही. धाकटीला तू समजावत होतीस, "गेलेला परवा वेगळा, येणारा परवा वेगळा," आणि ती म्हणाली, "मग मला दोन्ही दे.") हां, तर गेलेल्या परवा तुम्ही लपाछपी खेळत होतात. राज्य तुझ्यावर. धाकटी लपली होती खोलीच्या मधोमध, उभी, दोन्ही तळहात डोळ्यांवर. पोट पुढे आलेलं, फ्रॉकचं बटण उघडं, आणि बोटांच्या फटीतून हसू सांडत होतं. तू तिच्या शेजारून गेलीस. पलंगाखाली वाकलीस. माझी उशी उचलून बघितलीस. माझ्या शर्टाच्या खिशातही डोकावलीस. "कुठे गेली असेल बरं?" असं म्हणत तिला दोन प्रदक्षिणा घातल्यास.

मी हळूच विचारलं, लगेच का पकडत नाहीस? तू म्हणालीस, "तिला वाटतं ती दिसत नाही. मग मला पण थोडा वेळ ती दिसत नाही."

संशोधकांनी लहान मुलांना यावर प्रश्न विचारून पाहिले आहेत. समोरच्याचे डोळे झाकलेले असतील तर तीन-चार वर्षांची बरीच मुलं म्हणतात, मला हा माणूस दिसत नाही. बघणं हे दोघांनी मिळून करायचं असतं, नजरेला नजर मिळाली तरच, असं काहीसं त्यांना वाटतं. मला ते वाचून कळलं. तुला खेळता खेळता कळलं होतं, आणि कळूनही तू तिला हरवलं नाहीस. त्या वेळी मी तुला "मोठी आहेस ना" म्हणालो नव्हतो. कुणीच म्हणालं नव्हतं. तू चित्रावरून चिडलीस तीही तूच आणि खिशात डोकावलीस तीही तूच, आणि मला दोघीही आवडतात.

रात्री दिवा मालवल्यावर तुम्ही जे बोलता ते मला भिंतीपलीकडून ऐकू येतं, हे आज कबूल करतो. कालचं ऐकलं. धाकटी म्हणाली, "ताई, मी आठ वर्षांची झाले की आपण सारख्या होऊ ना?" तू म्हणालीस, "तेव्हा मी बारा होईन." ती खूप वेळ गप्प. मग म्हणाली, "तू थांब ना जरा." तू म्हणालीस, "बरं." मग तिच्या पायाची लाथ तुला बसली असावी, कारण "आई गं" ऐकू आलं, आणि पुढे काहीच नाही.

हे सगळं धाकटीला आठवणार नाही, निदान फार थोडं आठवेल. मोठ्या माणसांना त्यांची सर्वांत जुनी आठवण विचारली तर ती सरासरी तीन ते साडेतीन वर्षांच्या आसपासची निघते, आणि त्या वयातल्या आठवणीही तुटक असतात. एखादा पडदा, एखादा वास, उलटे बूट. तिला लपाछपी आठवणार नाही, की अंधारातला तुझा "बरं" आठवणार नाही. तुझं वय आठ, तुला यातलं बरंच आठवेल. पण धाकटीसाठी तू हे लक्षात ठेव, असं मी म्हणणार नाही. नाहीतर तेही पुन्हा "मोठी आहेस ना" होईल. मी एक वही केलीय, तिच्यात मीच लिहून ठेवतोय. पहिल्या पानावर बुटांचं लिहिलंय.

आणखी दोन गोष्टी. कपाटाचा वरून दुसरा कप्पा मी रिकामा केलाय. तुझी रंगपेटी तिथे ठेव. तुझा हात पोचतो, धाकटीचा पोचत नाही, मी बघितलं. तिला रंग द्यायचे की नाही, कोणते द्यायचे, कधी परत घ्यायचे, ते तू ठरव. ती माझ्याकडे रडत आली तर मी तिला जवळ घेईन, पण पेटी मागायला तुझ्याकडे येणार नाही. आणि ते घराचं चित्र तू चुरगाळून टाकलं होतंस ना, ते मी तुला न विचारता उचललं. सपाट करून त्याच कप्प्यात एका जाड पुस्तकाखाली ठेवलंय. तुझं आहे. हवं तर ठेव, नको असेल तर फाडून टाक, मी काही म्हणणार नाही.

ते वाक्य माझ्या तोंडून पुन्हा निघेल, मला माहीत आहे. चार वर्षांची सवय आहे. निघालं की तू काही बोलू नकोस, फक्त चौकटीकडे बोट दाखव. मला कळेल.

रविवारी तुम्हा दोघींची उंची घेऊ. तुझी मागची रेघ १२१ वर आहे. तुझ्या वयाला वर्षात पाच-सहा सेंटीमीटर वाढ होते, म्हणजे आता काय येईल त्याचा हिशोब तू आधीच केला असशील. तुला एक गुपित सांगतो. आपण सकाळी मोजू, उठल्या उठल्या. दिवसभर उभं राहून, बसून पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि रात्री आडवं झालं की पुन्हा फुगतात, त्यामुळे सकाळी माणूस जवळजवळ सेंटीमीटरभर उंच असतो. पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय. धाकटीला हे सांगायचं की नाही, ते तू बघ.

टाचा मात्र टेकवायच्या.

तुझा
बाबा